गेनूनं चढवलेला पट्टा

हिवरगावात गेनू नावाचा एक भोळा माणूस राहायचा. सांगितलेलं सगळं तो ऐकायचा. पंचाईत तिथंच होती. त्याची आई गोदाबाई रोज स्वतःलाच विचारायची, माझंच सांगायचं चुकतं का? तिला एवढंच वाटायचं, याचं एकदा लग्न व्हावं.

गेनू जालिंदर मिस्त्रींच्या गॅरेजात कामाला होता. एक दिवस शेजारच्या गावच्या वामनरावांची गाडी आली. इंजिनाचा पट्टा गेला होता. वामनरावांना लग्नाची मुलगी होती, रेवती. गोदाबाईनं देवाला हात जोडले.

मिस्त्रींनी एक छोटंसं वाकडं हत्यार गेनूच्या हातात दिलं. "नीट ऐक. हा पट्टा मुद्दाम आखूड करतात. ताणूनच बसतो. आधी इंजिनाच्या एका चाकावर घालायचा. दुसऱ्या चाकाच्या काठाला हे अडकवायचं, पट्टा त्यावर ठेवायचा आणि चाक हातानं फिरवायचं. इंजिन बंद. ओढाताण नाही. पट्टा आपोआप चढतो. आणि एकदा चढला की परत उतरवायचा नाही."

"कळलं," गेनू म्हणाला.

खरंच कळलं होतं. पट्टा चढला. गेनूनं गाडी चालू केली. हत्यार तिथंच होतं. ते उडालं आणि मिस्त्रींच्या चहाच्या किटलीला भोक पाडून गेलं.

"अरे, वर चढला की चढवणारं काढून घ्यायचं असतं," मिस्त्री म्हणाले.

"आता कळलं."

दुसऱ्या दिवशी गेनूचे चुलते सोनबातात्या कौलं नीट करायला छपरावर चढले. वर चढले, तशी गेनूनं शिडी काढली आणि गॅरेजात नेऊन ठेवली. तेवढ्यात वामनराव आले. गाडी सुरेख चालत होती, म्हणून मुलगा बघायला आले. बोलणी तात्या करणार होते. ती त्यांनी छपरावरूनच केली.

"आपण वर कसे?" वामनरावांनी विचारलं.

"मला इथून बरं ऐकू येतं," तात्या म्हणाले.

गोदाबाईनं गेनूला बाजूला घेतलं. "अरे राजा, चढलेला माणूस खाली उतरेपर्यंत धरून राहायचं असतं. सोडायचं नाही."

"आता कळलं."

वामनराव निघाले. गाडीत चढले. गेनूनं दार धरलं. गाडी सुटली, गेनूही पळत सुटला. रस्त्यात खड्डे इतके, की गाडी गेनूच्याच वेगानं चालली होती. ओढा गेला, शीव गेली. वामनराव स्वतःच्या अंगणात उतरले, तेव्हा गेनूनं दार सोडलं.

वामनरावांचे डोळे भरून आले. "लोक पाहुण्याला कोपऱ्यापर्यंत सोडतात. हा घरापर्यंत आला."

लग्न ठरलं.

लग्नाच्या दिवशी गोदाबाईनं गेनूचा फेटा नीट केला. "राजा, आज डोकं चालवू नकोस. भटजी सांगतील ते कर. अडलास तर मिस्त्रींनी शिकवलंय तसं कर. तेवढंच तुला नीट येतं."

"कळलं."

मंगलाष्टकं संपली. अंतरपाट दूर झाला. समोर रेवती. तिच्या पाठीशी अगदी खेटून तिचे मामा. मामा अंगानं चांगले भरलेले.

भटजी म्हणाले, "हार घाला."

कुणाला, ते म्हणाले नाहीत.

गेनूनं हार बघितला. हार एक. समोर दोन चाकं, एक लहान, एक मोठं. हार आखूड. मुद्दाम केलेला. त्यानं हार रेवतीच्या गळ्यात घातला. मागची बाजू मामांच्या कानाला अडकवली. कान बाकदार होते. मग मामांचे खांदे धरून तो त्यांना हळूहळू फिरवायला लागला.

"जावईबापू, हे काय चाललंय?" मामा म्हणाले.

"ओढाताण करायची नाही. नुसते फिरा."

वाजंत्री सुरू झाली, तसा गेनूनं हात वर केला. "हातानं फिरवतोय. इंजिन बंद ठेवा."

वाजंत्री थांबली. मामा फिरले. हार चढला. दोन गळ्यांवर, घट्ट.

भटजींचं डोकं पोथीत होतं. "झालं?"

"चढला."

"मग वाजवा."

उरलेल्या अक्षता तिघांवर पडल्या. गोदाबाई धावत आली. "अरे, मामांना तेवढं बाहेर काढ."

"आई, एकदा चढला की उतरवायचा नाही," गेनू म्हणाला.

संध्याकाळी गोदाबाईनं उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं. ते ओलांडायला उजवे पाय दोन आले. एकात पैंजण होतं. दुसऱ्यात मामांचा बूट.