पाटीतली शाल

एके काळी एक वृद्ध आचार्य आपल्या शिष्यांसह एका तळ्याकाठी राहत असत. आश्रम लहान होता, त्याची कीर्ती त्याहून लहान होती, आणि आचार्यांना दोन्हींचे काही वाटत नसे. शिष्य सगळे पंचविशीच्या आतले. अंगात रग भरपूर आणि विद्येपेक्षा भूक अधिक. गावचे तळे वर्षानुवर्षांच्या गाळाने भरून आले होते. उन्हाळा अर्धा सरतो न सरतो तोच गावच्या बायकांना तळ्याच्या पोटात उतरून वाटीवाटीने पाणी भरावे लागे. हे पाहून आचार्यांनी एके सकाळी पाठ मध्येच थांबवला. “आता पाऊस पडेपर्यंत गाळ हाच पाठ,” असे म्हणून त्यांनी सगळ्यांना तळ्यात उतरवले.

कामाची रीत त्यांनीच घालून दिली. तळाशी दोघांनी फावड्याने पाट्या भरायच्या. बाकीच्यांनी तळापासून काठापर्यंत चढणीवर रांगेने उभे राहायचे. भरली पाटी हातोहात वर जायची, रिकामी हातोहात खाली यायची. कुणी जागा सोडायची नाही आणि कुणी पाटी धरून ठेवायची नाही. सुरुवातीला पाट्या पायांवर आदळल्या, एकमेकांच्या पूर्वजांचा उद्धार झाला. पण हळूहळू हातांना लय सापडली. मग शिष्य गप्पा मारू लागले, सूत्रे घोकू लागले, एखादा तर उभ्या उभ्या डुलकीही काढू लागला, आणि हात आपले काम करीत राहिले. तळे दिवसेंदिवस खोल होत होते.

त्या गावात एक व्यापारी होता. मनुष्य सज्जन, उदारही. खोड एवढीच, की कुठलेही सत्कार्य आपल्या हस्ते गौरवले गेल्याखेरीज ते पूर्ण झाले असे त्याला वाटत नसे. त्याने दवंडी पिटवली की येत्या पौर्णिमेला तळ्याच्या काठीच मोठा समारंभ होईल आणि या तरुणांतील सर्वश्रेष्ठ सेवकाला भरजरी शाल व श्रीफळ देऊन गौरवण्यात येईल. मग तो रोज संध्याकाळी छत्री उघडून काठावर येऊन बसू लागला, सर्वश्रेष्ठ कोण ते न्याहाळायला.

आणि तळ्यात काय झाले? एकाचा गुडघा असा दुखू लागला की त्याला फक्त काठावरच उभे राहता येई. दुसऱ्याला सखल जागी घेरी येऊ लागली. तिसऱ्याला आचार्यांच्या प्रकृतीची चिंता वाटू लागली आणि आचार्य काठावर बसत असल्यामुळे ती चिंता काठावरूनच करणे भाग होते. शेवटी सगळेच्या सगळे वर, हातात रिकाम्या पाट्या, चेहऱ्यावर सेवाभाव ओसंडून वाहतोय, आणि तळाशी चिटपाखरू नाही. गाळ बिचारा जिथल्या तिथे. आभाळात ढगांची ये-जा सुरू झाली, पाऊस केव्हाही येईल अशी चिन्हे दिसू लागली, पण काम तसूभर पुढे सरकेना.

या सगळ्यांत भैरव नावाच्या शिष्याची अवस्था अधिक बिकट होती. बाकीच्यांना शाल हवी होती, भैरवला ती मिळाल्यावाचून गत्यंतर नव्हते. एक दिवस तो आचार्यांपुढे येऊन उभा राहिला.

“आचार्य, सेवेचे फळ मागू नये, हे मला ठाऊक आहे.”

“उत्तम.”

“पण ते न मागता मिळणारच असेल, तर ते मला मिळावे. पौर्णिमेला माझे बाबा येणार आहेत.”

“बाबांना काय निरोप धाडलास?”

“शालीचा.”

“मिळेल, असा?”

भैरव पायाच्या अंगठ्याने जमीन उकरू लागला. “मिळाली, असा.”

आचार्यांनी डोळे मिटले. ते ध्यानात गेले की हसू आवरीत होते, ते भैरवला कळले नाही.

भैरवचे वडील म्हणजे जमदग्नीचा अवतार. ‘हा पोरगा घरात राहिला तर घराचा उंबरठासुद्धा झिजवणार नाही, इतका आळशी आहे,’ असे चारचौघांत सांगून त्यांनी त्याला आश्रमात आणून सोडले होते. पोराला शाल मिळाल्याचे ऐकताच त्यांना इतका आनंद झाला की पौर्णिमेला दोन बैलगाड्या भरून माणसे आली. आत्या आली, मामा आला, शेजारीपाजारी आले, आणि भैरवच्या नावाने आजवर नाक मुरडणारी चुलत चुलतीही मुद्दाम आली. ती वरात काठावर उतरताना पाहून भैरव दुसऱ्या शिष्याच्या पाठीआड सरकला.

मंडप सजला होता. इतर शिष्यांच्या आया-मावश्याही जमल्या होत्या. शिष्य परीटघडीची धोतरे नेसून ओळीने बसले होते. व्यापाऱ्याने सेवेच्या महतीवर दीर्घ भाषण केले. ते इतके दीर्घ झाले की श्रोत्यांच्या हातूनही थोडी सेवा घडली. मग त्याने तबक पुढे केले आणि म्हटले, “महाराज, आता नाव घ्या.”

आचार्य उठले. कोपऱ्यात वाळलेल्या गाळाने बरबटलेली एक पाटी पडली होती. त्यांनी ती उचलली, तबकातली शाल आणि नारळ तीत ठेवला.

“अहो महाराज! पैठणहून आणवलीय ती!” व्यापारी कळवळला.

“मुलांनो,” आचार्य म्हणाले, “तळ्यात उतरा. दवंडी पिटण्यापूर्वी जो जिथे उभा राहत असे, त्याने तिथेच उभे राहायचे.”

परीटघडीच्या धोतरांसह सगळे चिखलात उतरले. वर त्यांच्या आया एका सुरात ‘अगं बाई!’ म्हणाल्या. तळातल्या दोघांनी सवयीने फावडी हाती घेतली. भैरव मधोमध होता. त्याच्या वरच्या अंगाला शिदू नावाचा धष्टपुष्ट शिष्य होता. दिसेल त्या खाद्यवस्तूवर त्याची आधी नजर जाई आणि मागोमाग हात.

“ही पाटी खाली येईल,” आचार्यांनी सांगितले. “ज्याला मनापासून वाटेल की मानकरी मीच, त्याने ती ठेवून घ्यावी. त्याला कुणी एक शब्द बोलणार नाही.”

लोकांना काही उमगेना. असा कुठे सत्कार असतो? व्यापारी तर रडवेला झाला होता.

पाटी निघाली. पहिल्याने घेतली आणि दिली. दुसऱ्याने घेतली आणि दिली. प्रत्येक जण पाटी गेल्यावर आपल्याच हातांकडे खिळल्यासारखा पाहत राही. आता शिदू. तो नारळ सोडणार नाही, भैरवची खात्रीच होती. त्याने देवाचा धावा केला. शिदूने पाटी घेतली, नारळाकडे पाहून त्याचे डोळे लकाकले, आणि पाटी भैरवकडे आली.

भैरवचे सारे ठरलेले होते. पाटी दोन्ही हातांनी धरायची, छातीशी घ्यायची आणि मान वर करून बाबांकडे पाहायचे. त्याने पाटी धरली. मान वर केली. बाबा दिसले, टाचा उंचावून पाहत होते. भैरवने पाटी छातीशी घेतली, तर छातीशी काहीच नव्हते. पाटी केव्हाच खालच्याच्या हातात गेली होती आणि तिथूनही पुढे निघाली होती. भैरवला ओरडावेसे वाटले, पण ओरडून सांगणार काय? माझ्याच हातांनी मला लुटले, असे?

तळाशी उभा असलेला शिष्य गर्दीत आपली मावशी शोधत होता. पाटी पायाशी आली एवढेच त्याला कळले. त्याने न पाहताच दोन फावडी ओला गाळ तीत घातला आणि पाटी वर धाडली. भरली पाटी झपाट्याने चढण चढली, काठावरच्या शिष्याने ती घेतली आणि रोजच्या सवयीने गाळाच्या ढिगावर उपडी केली. तो ढीग नेमका छत्री उघडून उभ्या असलेल्या व्यापाऱ्याच्या पायाशी होता.

मग चुलत चुलती प्रथम हसली आणि पाठोपाठ सगळा काठ हसू लागला. या गदारोळात एक गोष्ट फारशी कुणाच्या ध्यानात आली नाही. तळातून दुसरी पाटी भरून वर निघाली होती, तिच्यामागून तिसरी. थांबा असे कुणी सांगितलेच नव्हते. कितीतरी दिवस अडून बसलेले काम पुन्हा सुरू झाले होते.

“महाराज, ही काय चेष्टा?” व्यापाऱ्याने गाळातून नारळ उपसून काढीत विचारले. “मग मानकरी कोण? शाल मिळाली तरी कुणाला?”

“तळ्याला,” आचार्य म्हणाले. “शेठजी, आपला हेतू चांगला होता, पण आपण मला या रांगेतला एक जण निवडून काढायला सांगितलेत. मधला काढला की वरच्याचा हात खालच्याला पुरत नाही आणि गाळ तळातच राहतो. ते आपण इतके दिवस छत्रीखाली बसून पाहिलेच आहे. मुलांच्या मनात आज काय होते ते मला ठाऊक आहे. प्रत्येकाला शाल हवी होती. त्यात गैर काय? तरुण आहेत. पण त्यांच्या हातांना जे कळले आहे, ते मनाला कळायला थोडा अवधी लागेल. मला तेवढेच पाहायचे होते.”

व्यापाऱ्याला थोडे कळले असावे, कारण त्याने छत्री मिटली.

इकडे भैरवचे वडील धोतराचा सोगा सावरीत तरातरा चढण उतरत होते. भैरवला पळून जावेसे वाटले, पण वरून पाट्या येत होत्या आणि खालून पाट्या येत होत्या. जागा सोडता येईना.

“काय रे भैऱ्या, शाल कुठंय?”

“बाबा, मी खोटं कळवलं. मिळाली नव्हती.” भैरवने वरून आलेली रिकामी पाटी खाली दिली. “आत्ता आली होती हातात.”

“मग?”

“पुढे गेली.”

“तू दिलीस?”

“दिली नाही हो. ठेवूनच घेणार होतो, देवाशपथ! पण गेली.”

वडील त्याच्याकडे बघतच राहिले. रागाने फुगलेला चेहरा हळूहळू उतरला आणि त्यांचे डोळे भरून आले.

“पंगतीत चटणीची वाटी शेजाऱ्याकडे सरकव म्हटलं, तर दहा हाका माराव्या लागायच्या तुला,” ते म्हणाले. “तरी सरकवायचा नाहीस. तुझी आई शेवटी स्वतः उठायची.”

भैरवने आपल्या हातांकडे पाहिले. त्यांवर घट्टे पडले होते. इतके दिवस ते त्याला दिसलेच नव्हते. शाल गेल्याचे दुःख अजून होते, पण ते आता तितके टोचत नव्हते.

वडिलांनी डोळे पुसले, कासोटा घट्ट केला आणि ते त्याच्या आणि शिदूच्या मधे जाऊन उभे राहिले. खालून भरलेली पाटी आली. भैरवने ती त्यांच्या हाती दिली. पाटी चांगलीच जड होती. म्हाताऱ्याने ती पोटाशी कवटाळली आणि काठावरच्या आपल्या दोन गाड्याभर माणसांकडे मोठ्या अभिमानाने पाहू लागला.

“बाबा,” भैरव हळूच म्हणाला, “धरून ठेवायची नसते.”