वेलदोड्याचा वास गेला कुठे?

फार मागची गोष्ट. साबण अजून जन्माला यायचा होता, आणि राण्यासुद्धा उटणं लावूनच न्हायच्या.

राजवाड्याचं उटणं करायची भिवराबाई. मसुराचं पीठ, आंबेहळद, नागरमोथा आणि सुवासाला मूठभर वेलदोडे. चाळीस वर्षं तिचा हात चुकला नव्हता. बाई मोठी तोऱ्याची! आपल्यासारखं नाक पंचक्रोशीत नाही, हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची.

राजकन्येचं लग्न ठरलं. वऱ्हाडासाठी ढीगभर उटणं हवं होतं, म्हणून भिवराबाई दार लावून दिवसभर कुटत बसली. आणि काय नवल! सकाळी पहिला वेलदोडा फुटला की घमघमाट, अन् जरा वेळाने वास गायब. वासाला काय पाय फुटले? तिने खिडक्या लावल्या, खल बदलला, वर फडकं झाकलं. वास काही सापडेना. मग ती मुठीवर मूठ वेलदोडे वाढवत गेली.

ते उटणं राणीने लावून पाहिलं, तर तोंडाची आग आग झाली. राजा म्हणाला, "भिवराबाई, परवा पोरीची हळद आहे. तिच्या अंगाची अशी आग झाली, तर हे काम तुमच्याकडे राहणार नाही."

भिवराबाईचा जीव टांगणीला लागला. तिने वेलदोड्याच्या बागवाल्यालाच बोलावून धारेवर धरलं. "निकस माल देतोस मेल्या!" तो रडकुंडीला आला. "मावशी, एकेक बोंड हाताने खुडलंय हो!"

तेवढ्यात धनगरीण दूध घेऊन आली. दारातच तिने सटासट शिंका दिल्या. "अगं बया! वढ्याच्या पल्याडपत्तुर वेलदोड्याचा वास येतोय, बाई!"

"थट्टा करतेस? याला वासच नाही. तुझ्या घोंगडीला मात्र मेंढरांचा वास मारतोय. लांब बस."

धनगरणीने घोंगडी हुंगली, पुन्हा हुंगली. "हिला? हिला तर कसलाच वास न्हाई!"

भिवराबाई खो खो हसली, आणि हसता हसता ताडकन उठली. ती ओढ्यावर गेली, न्हाऊन वाऱ्यावर बसली. परतली तर दारातच वेलदोड्याने डोळ्यांत पाणी आलं. वास कुठे गेलाच नव्हता. तिचं नाकच त्यात बुडून गेलं होतं.

जुनं उटणं तिने फेकलं. नव्यात मूठभरच वेलदोडे घातले, आणि आधी धनगरणीला हुंगायला दिलं. हळदीला राजकन्या अशी दरवळली, की काम भिवराबाईकडेच राहिलं. पण शाबासकी घ्यायला थांबली नाही ती, तडक बागवाल्याकडे गेली आणि म्हणाली, "चुकले रे बाबा."

वाटेत धनगरणीने विचारलं, "आन् माज्या घोंगडीचं काय?"

"धू गं माझे आई, आजच धू!"

तात्पर्य : ज्यात आपण दिवसभर बुडालेले असतो, त्याचा वास दुसऱ्याच्या नाकाला विचारावा.