भिंतीआडचं जेवण

गाढवं आपसात सुखदुःख बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. एका वीटभट्टीवर रोजच्यासारख्या पाठींवर विटा चढत होत्या. तेवढ्यात नदीकडून कावळा आला आणि म्हणाला, “तुमच्यातली गोदाक्का गाढवीण गेली. उतारावर बसली, ती उठलीच नाही.”

तांबू नावाच्या गाढवाने विटा चढवून घेणं थांबवलं.

भट्टीवर जुनी रीत होती. दुपारी सगळ्यांनी समोरासमोर उभं राहून खायचं, म्हणजे कोणाचं तोंड चालत नाही ते लगेच दिसायचं. महिन्यापूर्वी सुभान नावाचं खेचर कामाला आलं. तो स्वतः हरभरे खायचा आणि दुसऱ्यांच्या पुढ्यात डोकावायचा. “गोदाक्का, आजही कांद्याची टरफलं? अगं, वास सुटतो, वाऱ्याची दिशा बघून तरी उभी राहत जा!”

तेव्हा सगळ्यांत मोठ्याने तांबूच हसला होता. आपल्या पुढ्यातल्या शिळ्या चिपाडांकडे सुभानची नजर वळू नये, एवढीच त्याची धडपड होती. दुसऱ्या दिवसापासून गोदाक्का भिंतीआड जेवायला जाऊ लागली. हळूहळू सगळेच पाठ फिरवून, घाईघाईने खाऊ लागले.

आता तांबू धावत भिंतीआड गेला. तिथे आठवडाभराच्या टरफलांचा ढीग तसाच पडला होता, खालची सडलेली, वरची ताजी.

मागून सुभान आला. “मी आपली थट्टा केली होती रे,” तो पुटपुटला. “ती खात नव्हती, हे तुलासुद्धा कळलं नाही?”

रोज तांबू तिच्याच मागोमाग ओझं घेऊन चालत होता, पण जेवलीस का, हे त्याने तिला एकदाही विचारलं नव्हतं.