खुरांचे खळगे

त्या पठारावर म्हशी उरल्या नव्हत्या, पण म्हशींचे रिंगण उरले होते.

पठाराच्या मध्यावर, काळ्या खडकांच्या कुशीत एक झरा होता. उन्हाळ्यात बाकीचे सगळे ओहोळ आटत आणि पिण्यासारखे पाणी तेवढ्या एका जागी राही. मग साऱ्या आया आपापली पिल्ले घेऊन तिथे उतरत. हे घळीपलीकडच्या कोळसुंद्यांनाही ठाऊक होते. कोळसुंदे म्हणजे तांबडी रानकुत्री. ती टोळीने येत, भुंकत नसत, एकमेकांना शीळ घालत, आणि त्यांना कशाचीही घाई नसे.

पूर्वी इथे त्यांची डाळ शिजत नसे. त्यांची शीळ ऐकू आली की म्हशी डबक्यात लोळून अंगाला चिखल माखत आणि झऱ्याभोवती खांद्याला खांदा लावून गोल उभ्या राहत. तोंड बाहेर, शेपूट आत, पिल्ले मधोमध, आणि काही झाले तरी जागा सोडायची नाही. पिढ्यान्‌पिढ्या त्याच जागी उभे राहून ओल्या मातीत त्यांच्या खुरांचे खळगे पडले आणि उन्हाने भाजून दगडासारखे टणक झाले. पुढे एका साली रोग आला. म्हशी गेल्या, खळगे राहिले. आणि राहिली काजळी नावाची एक म्हैस, तिच्या रेडकासकट.

काजळीला सारे पठार आत्या म्हणे. मान मोठा, पण त्या मानाने तिची झोप उडवली होती. रिकाम्या खळग्यांपाशी ती एकेकीला आठवत फिरे. हा खळगा आईचा, तो मावशीचा, तो त्या तिरसट म्हातारीचा, जिने एकदा कोळसुंद्याला शिंगावर घेऊन खडकापलीकडे भिरकावले होते. आणि मधोमध तिचे रेडकू, पाण्यात पाय आपटत, कशाची फिकीर नाही. ते गेले की म्हशीचे नावच संपले.

तेव्हा तिने आपल्या परीने शहाणपणाचे काम केले. रिकाम्या खळग्यांत जे मिळतील त्यांना उभे केले.

एक एडका होता, भरदार, रागीट. त्याला आईच्या खळग्यात. एक सायाळ होती, म्हणजे अंगभर लांब काटे असलेला तो प्राणी असतो ना, तीच. तिला मावशीच्या जागी. एक घोरपड होती, कधी कुणाशी फारशी न बोलणारी. ती खळग्यात उतरली की फक्त डोळे दिसत. आणि एक टिटवी होती, जी एरवी क्षणभर गप्प बसत नसे. तिरसट म्हातारीच्या खळग्यात ती उभी राहिली तेव्हा हसू आवरणे कठीण होते, पण काजळीच्या तोंडाकडे पाहून कोणी हसले नाही. उरलेल्या जागी हरणी आणि ससे.

चिखलाची रीतही तिने मोडू दिली नाही. सगळ्यांनी डबक्यात लोळून काळे व्हायचे.

"आत्या, चिखल वाळला की माझे काटे चिकटून बसतात," सायाळ म्हणाली.

"म्हशी तक्रार करायच्या का?"

"त्यांना काटे नव्हते."

"म्हणूनच चिखल लागतो," काजळी म्हणाली. याचा अर्थ काय, ते तिलाही सांगता आले नसते. पण आवाज तिच्या आईचा होता, आणि आईच्या आवाजापुढे बोलायची सवय तिलाही नव्हती.

कोळसुंदे एका सकाळी आले. दोन उंच शिळांमधून झऱ्याकडे येणारी एकच वाट होती. तिथून ते आत शिरले आणि रिंगणापासून थोड्या अंतरावर चक्क बसले. त्यांचा म्होरक्या, एक कान फाटलेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवत राहिला. काजळीला आठवत होते, म्हशींच्या रिंगणाकडे तो असा कधी पाहत नसे. आज तो बाजारात भाजी निवडावी तसा पाहत होता.

मग शीळ झाली आणि टोळी सुटली. एडक्याने डोके खाली घातले, पण चारही पाय खळग्यात अडकलेले. जागच्या जागी मान हलवण्यापलीकडे त्याला काही करता येईना. सायाळीने काटे उभारायला जोर लावला, तर वाळल्या चिखलात ते चप्प बसलेले, आणि समोर केले होते ते तिचे मऊ नाक. घोरपडीवरून तर ते सरळ उडी मारून गेले. टिटवी जिवाच्या आकांताने ओरडत राहिली, पण जागेवरून. शिवाय खडकाच्या बुडाशी एक अरुंद कपार होती, तिच्यातून दोन कोळसुंदे मागच्या बाजूने सरपटत आत आले. त्या कपारीकडे म्हशींनी कधी लक्षच दिले नव्हते. त्यांना गरज पडली नव्हती.

काजळी तोंड बाहेर करून उभी होती. तिने एकाला शिंगाने उडवले आणि त्याच वेळी मागे पिल्लांचा कल्लोळ ऐकला. वळायचे नसते. ती वळली नाही. सगळे शांत झाल्यावर तिने मागे पाहिले, तेव्हा रेडकू थरथरत उभे होते आणि एडक्याचे कोकरू नव्हते.

 एडका खळग्यातच उभा राहिला, कितीतरी वेळ. त्याला कोणी सांगितले नव्हते की आता निघालास तरी चालेल.

काजळीला आतून जाळत होते ते हे की, आपले रेडकू वाचले म्हणून तिला आधी हायसे वाटले होते. त्या हायसे वाटण्याची लाज तिने कामात बुडवली. खळगे नीट भरले नाहीत, चिखल पातळ होता, उभे राहण्यात कसूर झाली, असे म्हणत तिने दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना उन्हात उभे करायला सुरुवात केली. चिखलाचा थर जाड केला. हरण कंटाळून हलले की डाफरायची. चरायला गेली तरी दोन घास घेऊन परत यायची आणि पिल्ले पुन्हा पुन्हा मोजायची. तिच्या बरगड्या दिसू लागल्या. घळीकडून वाऱ्यावर शीळ आली की तिचे कान उभे राहत, आणि पुष्कळदा तो नुसताच वारा असे.

अशाच एका दुपारी सगळी सावलीला गेली असताना सायाळ झऱ्यावर एकटी अंग धूत होती. चोरून, कारण चिखल धुवायचा नसे. काजळीने ते खडकाआडून पाहिले. रागावून ती पुढे होणार, एवढ्यात दोन शिळांमधून एक तरणा कोळसुंदा टेहळणीला आत आला.

काजळी दूर होती. तिला ओरडायचेही सुधरेना. सायाळीने कोळसुंद्याला पाहिले आणि सरळ पाठ फिरवली. काजळीला वाटले, संपले, ही पळाली. पण ती पळत नव्हती. तिचे धुतलेले काटे सळसळ करत उभे राहिले आणि ती मागच्या मागे, शेपूट पुढे घालून, त्या कोळसुंद्याच्या तोंडावर धावून गेली. केवढी किंकाळी फुटली त्याची. गालात काटे घेऊन तो गेला, तो वळून न पाहता.

"तू शेपूट बाहेर केलंस," काजळी जवळ येऊन म्हणाली.

"हो आत्या, चुकलंच," सायाळ म्हणाली आणि मुकाट्याने पुन्हा चिखलाकडे निघाली.

"थांब," काजळी म्हणाली. "राहू दे तो चिखल."

त्या संध्याकाळी तिने एकेकाला गाठून एकच गोष्ट विचारली. तू एकटा असतास आणि कोळसुंदा समोर आला असता, तर काय केलं असतंस?

"आधी मागे सरलो असतो," एडका म्हणाला. कोकरू गेल्यापासून तो पहिल्यांदा बोलत होता. "धावायला जागा नको का? उभ्या उभ्या टक्कर बसत नाही, आत्या."

"मी थांबलेच नसते," टिटवी म्हणाली. "लांब जाऊन पंख मोडल्याचं सोंग केलं असतं. लंगडत लंगडत त्याला असं फिरवलं असतं की घरचा रस्ता विसरावा. पिल्लं तोवर सुरक्षित."

"कपारीत शिरले असते," घोरपड म्हणाली. "अंग फुगवून. मग कोणी ओढून दाखवावं मला."

काजळी ऐकत गेली आणि मनात एकेक मोजत गेली. एक मागे सरणार, एक निघून जाणार, एक बिळात शिरणार, एक पाठ फिरवणार. रिंगणात जे जे केल्याबद्दल आईने हाकलून दिले असते, ते हे सगळे झाडून करणार होते. यांच्या भरवशावर ती रेडकू ठेवणार होती? आणि समजा फसले, तर? निदान रिंगणात हरलो तर रिंगण हरले, असे म्हणता येते. हे फसले तर ते काजळीचे असणार होते.

"आणि आत्या, तू?" टिटवीने विचारले. "तू एकटी असतीस तर काय केलं असतंस?"

काजळी एकटी कधी उभीच राहिली नव्हती. डावीकडे कोणी, उजवीकडे कोणी, मग ती.

कोळसुंदे पुन्हा आले तेव्हा झऱ्याभोवती रिंगण नव्हते. खळगे सताड रिकामे होते. सायाळ दोन शिळांच्या मधोमध, वाटेकडे पाठ करून, कोरडी खडखडीत. घोरपड कपारीत, बाहेरून तिच्या शेपटीचे टोक तेवढे दिसे. एडका पार मागे, झऱ्यापलीकडे, मधे मोकळी जमीन सोडून. हरणी आणि ससे पिल्लांपाशी. काजळी त्यांच्यापुढे, आणि तिच्या दोन्ही बाजूंना काहीच नव्हते. त्या रिकामपणाने तिला थंडी वाजल्यासारखे होत होते.

फाटक्या कानाचा म्होरक्या आला आणि थबकला. त्याला निवडायला काही दिसेना. तेवढ्यात गवतातून टिटवी पंख ओढत निघाली, पडली, कण्हली, पुन्हा निघाली. निम्मी टोळी तिच्यामागे लागली आणि ती त्यांना घळीच्या दिशेने घेऊन गेली. उरलेले वाटेने आत घुसले ते सायाळीच्या काट्यांवर. दोघे कपारीकडे वळले. तिथे त्यांनी घोरपडीची शेपटी धरून ओढली, खूप ओढली. घोरपड हलली नाही. सायाळीला चुकवून दोघे आत आले, त्यांना झऱ्यापलीकडून धावत आलेला एडका भेटला. एवढी दौड त्याने पोटात साठवून ठेवली होती, ती सगळी त्या एका टकरीत उतरली.

म्होरक्या मात्र शिळेवरून उडी मारून आला. तो काजळीकडे आलाच नाही. तिला बगल देऊन, मागे, थेट रेडकाकडे.

वळायचे नसते. आईचा आवाज कानात स्पष्ट होता. काजळी वळली. तिने जागा सोडली, रेडकावरून पाय टाकला, त्याला चारही पायांच्या मध्ये घेतले आणि शिंगे खाली केली. म्होरक्या डावीकडून आला तर ती डावीकडे फिरली, उजवीकडून आला तर उजवीकडे. एकटीच, पोटाखाली लेकरू घेऊन, ती गरागरा फिरत राहिली. शेवटी तिचे शिंग त्याच्या बरगडीत बसले. थोड्या वेळाने घळीकडे शीळ ऐकू आली, आणि ती दूर दूर गेली.

सकाळी पिल्ले मोजली. सगळी होती. काजळीने पुन्हा मोजली.

हल्ल्याच्या आदल्या रात्री पावसाची एक सर येऊन गेली होती, माती अजून लोण्यासारखी मऊ होती. पिल्ले चेकाळून खेळत होती. सशाचे पोर कान ओढत लंगडत चालले होते, पंख मोडल्यासारखे. आणि शिळांच्या मधोमध रेडकू उभे होते, वाटेकडे ढुंगण करून, अंगावर नसलेले काटे उभारत, मागच्या मागे पावले टाकत. चेहऱ्यावर केवढा अभिमान.

"बघ ना आत्या," एडका कौतुकाने म्हणाला. त्याने कालच्या जागा हिंडून पाहिल्या होत्या. "सगळ्यांचे ठसे कसे छान उमटलेत. सायाळीचे, माझे, तुझा तो फिरल्याचा गोलसुद्धा. आज कडक ऊन आहे. वाळले की पक्के होतील. पुढच्या साली कोणाला काही विचारायला नको. ज्याने त्याने येऊन उभं राहायचं."

काजळीने ठशांकडे पाहिले. मग रेडकाकडे. ती त्याच्यापाशी गेली आणि नाकाने ढकलून तिने त्याचे तोंड वाटेकडे वळवले. रेडकू रुसले. त्याने डोके खाली घालून आईच्या पोटात एक ढुशी दिली. जोराची होती. काजळीला कळ आली आणि बरे वाटले.

मग ती चिखलात उतरली. शिळांमधले सायाळीचे ठसे तिने खुरांनी कालवून टाकले. एडका तोंड वासून पाहत राहिला, त्याच्या धावेचेही तिने पुसले. कपारीपुढचे पुसले. रेडकाला पोटाखाली घेऊन ती फिरली होती त्या गोलापाशी येऊन ती क्षणभर थांबली, आणि तोही तिने तुडवला. घळीच्या बाजूने वाऱ्यावर काहीतरी आले, शीळ असेल किंवा नसेल. काजळी पाय उचलत राहिली. ऊन चढू लागले होते, आणि पुष्कळ ठसे अजून बाकी होते.