येसू कुंभारीण आणि खापरांचा डोंगर

ऐका. पितळेचा हंडा गावात फक्त पाटलाकडे होता आणि बाकी सगळं पाणी मातीच्या मडक्यात राहायचं, त्या काळातली ही गोष्ट.

तेव्हा बोरजाईत येसू नावाची कुंभारीण होती. फुटक्या मडक्यांची खापरं ती बारीक कुटायची आणि पाटीभर मातीत मूठभर मिसळायची. त्यामुळे नवं मडकं भट्टीत तडकायचं नाही. जुन्याचं नवं करणारी बाई म्हणून पंचक्रोशीत तिचं नाव झालं.

झालं, गाव सोकावलं. मडकं फुटलं की ‘येसू आहे ना!’ म्हणायचं आणि खापरं तिच्या मातीच्या खाणीवर टाकून मोकळं व्हायचं. सासवा रागवेनाशा झाल्या. धडकी मडकीसुद्धा जुनी दिसतात म्हणून फेकली जाऊ लागली. ढीग मारुतीच्या कळसाला टेकला, असं म्हणतात. मला हे जरा जास्त वाटतं, पण म्हणतात.

मग एका उन्हाळ्यात विहीर आटली. नदी दोन कोसांवर, आणि पाणी आणायला घरात धड मडकं नाही. खाण तर ढिगाखाली गाडलेली.

पाटील म्हणाले, “येसूकाकू, एवढं खापर पडलंय, त्याचीच मडकी करा की!”

उरलीसुरली माती घेऊन तिने करून पाहिलं. भट्टी पेटली आणि एकूण एक मडकं आत फुटलं. तो आवाज सात गावांत ऐकू गेला, असं म्हणतात. येसू रडली. मग डोळे पुसून म्हणाली, “एकदा भाजल्याली माती परत वली व्हत न्हाई, बाबांनो. मूठभर म्या जिरवंन. डोंगर कसा जिरवू?”

“मग आम्ही करावं तरी काय?” पाटलीणबाईंनी विचारलं.

“फोडायचं कमी करा.”

एवढंच बोलून तिने पाटी डोक्यावर घेतली आणि ती एकटीच ढीग उपसायला लागली. दुसऱ्या दिवशी पाटलीणबाई पदर खोचून आल्या. तिसऱ्या दिवशी घरात बसायची सगळ्यांनाच लाज वाटली. पावसाळ्यात चिखल होणाऱ्या गावातल्या वाटांवर खापरं अंथरली गेली. सातव्या दिवशी खाणीचा तळ लागला, येसूने मातीत हात घातला आणि कोपरापर्यंत ओल वर आली, असं म्हणतात. त्या मातीतून तिने घरटी एकच डेरा घडवला. ते डेरे नातसुनांनी वापरले.

येसू गेली त्याला किती पिढ्या झाल्या कुणास ठाऊक. पण बोरजाईत आजही ज्याच्या हातून मडकं फुटतं, त्याने खापरं स्वतः खाणीच्या काठी न्यायची आणि चारचौघांत मोठ्याने सांगायचं, “येसूआई, हे माझ्या हातून फुटलं.” त्याशिवाय नवं मडकं घरात येत नाही. खोटं वाटत असेल तर जाऊन पाहा. इतक्या वर्षांत तिथला ढीग गुडघ्याएवढाही झालेला नाही.