सॉकेटची पकड

वस्तू माणसांकडे आपलं गाऱ्हाणं घेऊन जात, त्या काळातली ही गोष्ट. केतकी धारप सर्किट बोर्डांवर बसणारी प्लग-सॉकेटं घडवत असे. एकदा एक सॉकेट तिला म्हणालं, "ताई, माझ्या पितळी पात्या आणखी आवळ. मागचा प्लग हादऱ्यानं निसटला, तो पुन्हा आलाच नाही."

केतकीला त्याची दया आली. तिनं पात्या आवळल्या आणि नवा प्लग बसवला. बोर्ड कितीही हलला, तरी प्लग जागचा ढळेना. सॉकेट सुखावलं.

पुढे प्लगची तार झिजली. केतकी प्लग ओढू लागली, पण तो निघेना.

"सोड मला," प्लग कळवळून म्हणाला. "तार बदलली नाही, तर मी जळून जाईन."

"सोडलं तर तू जाशील," सॉकेट म्हणालं.

केतकीनं जोर लावला, तसे सॉकेटचेच पाय बोर्डातून उखडू लागले. ती थांबली. तिनं पात्या थोड्या सैल केल्या आणि सॉकेटला वरून एक छोटी खिटी बसवली.

"हादऱ्यानं हा सुटणार नाही," ती म्हणाली. "ही खिटी बोटानं दाबली, तरच सुटेल."

"आणि सुटल्यावर परत येईल?"

"मला खिटी घडवता येते रे. परत येणं नाही घडवता येत."

सॉकेटनं प्लगच्या झिजलेल्या तारेकडे पाहिलं. मग हळूच म्हणालं, "दाब, ताई."