अमावास्येची नारळी पौर्णिमा

राजे उदाजीरावांनी त्या वर्षी नारळी पौर्णिमा पंधरा दिवस अलीकडे ओढली आणि नेमकी आषाढी अमावास्येला आणून बसवली. दवंडी पिटली गेली. राजजोशींनी पंचांग मिटलं, 'शास्त्रात कुठंतरी आधार असेलच' असं पुटपुटले आणि घर गाठलं.

या सगळ्याला कारण घाटावरून आलेले पाहुणे, राणीसाहेबांचे भाऊ रणोजीराव. उदाजीरावांना गळाने मासे धरायचा भारी नाद. मागे एका लग्नात त्यांनी मेहुण्यापुढे बढाई मारली होती, की आमच्या समुद्रात सुरमई गळाला आपण होऊन लटकते. रणोजीरावांनी ते मनावर घेतलं आणि मुंबईहून चाकवाली गळाची काठी मागवून थेट आले. आले ते ऐन आषाढात! समुद्र खवळलेला, होड्या किनाऱ्यावर माडाच्या झापांखाली झाकून ठेवलेल्या. राजांनी नदीवर नशीब अजमावलं. पण नदी लाल, गढूळ, दोन्ही काठ खात चाललेली. गळाला पाचोळा लागला, आणि एकदा कुणाची तरी वहाण. रात्री जेवताना रणोजीराव म्हणाले, "वहाण छान होती." झालं, राजांचं डोकं फिरलं.

कोकणात रीत अशी, की नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिल्याशिवाय होडी पाण्यात लोटायची नाही. राजांनी सरळ हिशेब केला. नारळ गेला की होडी जाते, तर नारळच आधी जाऊ दे. मग हुकूम सुटला, की नारळ वाहून होताच होडीचा म्होरक्या झिलू तांडेल याने आपले खलाशी घेऊन राजांची होडी खाडीबाहेर न्यावी आणि सुरमई कुठे आहे ते बघून यावं. मग राजे आणि पाहुणे होडीत बसतील. राजे शूर होते, फक्त त्यांना पोहता येत नव्हतं.

खलाशांच्या दांडेवाडीतली माणसं त्या संध्याकाळी किनाऱ्यावर जमली. अमावास्येचं उधाण, खाडीच्या तोंडाशी माडाएवढ्या लाटा. तिथे गेलेली होडी परत येत नाही, हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. म्हातारे राजवाड्यावर गेले, पाया पडले. राजे म्हणाले, "माझा हुकूम मोडायचा नाही आणि होडीही लोटायची नाही, असं दोन्ही ज्याला जमेल त्याने सकाळी बंदरावर यावं. त्याचं ऐकेन!" म्हातारे मान खाली घालून परतले.

झिलूची बायको आवडी तोंडाची फटकळ. वाडीत तिच्याशी भांडायला कुणी धजत नसे. पण त्या रात्री ती नवऱ्याकडे बघत नुसती बसून राहिली. तिला खरोखर भीती वाटली होती. पहाटे मात्र ती उठली, घरोघरी जाऊन बायकांना उठवलं आणि काय करायचं ते सांगितलं.

सकाळी राजे बंदरावर आले, तर समोर दांडेवाडीच्या बायका नऊवारी नेसून, डोक्यात अबोलीचे वळेसर माळून, हातात निरांजनाची ताटं घेऊन ओळीने उभ्या! राजांना केवढा आनंद झाला. त्यांची पौर्णिमा कुणीतरी मनापासून साजरी करत होतं. त्यांनी मेहुण्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

आवडी पुढे झाली. "महाराजानू, आज तुमच्या हुकमान नारळी पुनव. म्हणजे राखीची पुनव पण आजच ना?"

"अर्थात."

"मगे हात फुडे करा."

राजांनी कौतुकाने हात पुढे केला. आवडीने जाळ्याच्या दोऱ्याची राखी बांधली आणि ओवाळलं. मागून एकेक बाई येत गेली आणि राजांचा हात कोपरापर्यंत भरला. खूश होऊन ते म्हणाले, "ओवाळणी काय हवी ती मागा."

"सोना नको, नाणा नको," आवडी म्हणाली. "सणाच्या दिवशी भैनीच्या घोवाक पाटार बसवन जेवक घालूची रीत असा. तेवढा करा, दादानू."

राजांनी बायकांच्या ओळीकडे पाहिलं. मग होडीजवळ उभ्या असलेल्या झिलूकडे आणि खलाशांकडे पाहिलं. ज्याची बायको या ओळीत नाही असा त्यात एकही गडी नव्हता. सगळेच्या सगळे राजांचे मेहुणे झाले होते! मेहुण्यांना पाटावर बसवलं, तर होडी लोटणार कोण?

रणोजीराव तोंडावर उपरणं धरून हसत होते. ते बघून राजे चिडले. "ठीक आहे," ते म्हणाले, "आज जेवतील. होडी उद्या जाईल."

आवडीने हातातलं ताट शेजारणीकडे दिलं.

"उद्या खुशाल न्हेवा, दादानू. आमी आड येवचव नाय. पण होडी परत नाय ईली आणि कपाळ पांढरा झाला, तर भैनी खय जातत? माहेराक! आमी सगळ्यो पोराबाळांका घेवन तुमच्याकडेच येतलव. राजवाड्यात तेवढे खोलये असत काय, ता आजच बघून ठेवा."

राजांनी एकदा त्या लांबलचक ओळीकडे पाहिलं आणि एकदा बायकांच्या पदरांना लोंबकळणाऱ्या पोरांकडे. मग ते असे हसत सुटले, की राख्यांनी भरलेल्या हातानेच डोळे पुसू लागले.

"हरलो, आवडाक्का!" ते म्हणाले. "यापुढे होडी कधी लोटायची ते तांडेलाने ठरवायचं. राजाने नाही, पंचांगानेही नाही. आणि ती माझी होडी आजपासून झिलूची, माहेरची भेट म्हणून."

दुपारी राजवाड्याच्या चौकात पाटांची रांग लागली. प्रत्येक बहिणीला साडीचोळी मिळाली. राजे स्वतः कंबर कसून नारळीभात वाढत होते, आणि दांडेवाडीचे मेहुणे संकोचाने एकमेकांकडे बघत होते. एवढ्यात रणोजीराव आले आणि झिलूच्या शेजारी पाट ओढून बसले.

"वाढा की दाजी," ते राजांना म्हणाले, "इथले सगळे मेहुणेच आहेत."